गार्ड खोक्यातच राहतं

पुण्यातल्या एका सोसायटीत लिफ्टशेजारच्या फलकावर एक सूचना लागली आहे. तिसऱ्या मजल्यावर बाथरूमचं काम चालू असताना प्लंबरच्या हेल्परची दोन बोटं ग्राइंडरने गेली, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात ती लागली. सुरुवातच अशी, की सदर दुर्घटना कामगाराच्या निष्काळजीपणामुळे घडली. पुढे तीन कलमं. कामगारांनी हेल्मेट व हातमोजे घालावेत. कामगार स्वतःच्या जबाबदारीवर काम करतील. आणि फ्लॅटमालक व ठेकेदार यांनी स्टँपपेपरवर लिहून द्यावं, की काही बरंवाईट झाल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही. खाली सेक्रेटरींची सही आणि शिक्का.

तो पोरगा माझ्याकडचा नव्हता, दुसऱ्या ठेकेदाराचा होता. पण मी सत्तावीस वर्षं हाच धंदा करतो आणि त्या सोसायटीतली निम्मी बाथरूमं माझ्या हाताखालून गेली आहेत. सेक्रेटरींशी माझं भांडण नाही. त्यांनी मला ऑफिसात बसवलं, चहा मागवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, नव्वद टक्के अपघात यांच्या हलगर्जीपणामुळेच होतात." तिथे मी मान डोलावली. समोर कामाचं बिल होतं. आता बिल मिळालं आहे, तेव्हा उत्तर देतो.

हा नव्वद टक्क्यांचा आकडा हवेतून आलेला नाही, त्याला घराणं आहे. हर्बर्ट हाइनरिख नावाचे गृहस्थ अमेरिकेतल्या ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीत नोकरीला होते. १९३१ साली त्यांनी औद्योगिक अपघात टाळण्याविषयी एक पुस्तक लिहिलं. त्यात मांडलं, की ८८ टक्के अपघात माणसांच्या चुकीच्या वागण्यामुळे होतात, १० टक्के यंत्र किंवा जागेच्या दोषामुळे आणि उरलेले २ टक्के टाळता न येणारे. पाऊणेक लाख प्रकरणांवरून त्यांनी हे काढलं होतं. ती प्रकरणं कुठली? विमा कंपनीच्या फायली आणि कारखानदारांच्या नोंदी. म्हणजे अपघाताचं कारण लिहिणारा मुकादम किंवा मालक. 'गार्ड मीच काढायला सांगितलं होतं' असं स्वतःच्या हाताने लिहिणारा मुकादम मला आजवर भेटलेला नाही. हाइनरिखसाहेबांनाही भेटला नसावा.

त्यांच्याही वीस वर्षं आधी क्रिस्टल ईस्टमन या वकील बाईंनी पिट्सबर्ग परिसरात १९०६-०७ या एका वर्षात कामावर मेलेल्या ५२६ जणांची प्रकरणं एकेक करून तपासली. त्यांनाही एका साहेबाने तोच सूर ऐकवला होता, फक्त आकडा पंच्याण्णवचा. बाईंनी प्रत्येक प्रकरणात माणूस, यंत्र, कामाचे तास आणि हुकूम देणारा असं सगळं मांडून पाहिलं, तेव्हा तो पंच्याण्णवचा डोलारा उभा राहिला नाही. १९१० मध्ये त्यांचं पुस्तक आलं. गंमत बघा, बाईंचा निष्कर्ष विसरला गेला आणि विमा कंपनीचा आकडा जवळजवळ शंभर वर्षं टिकून सेक्रेटरींच्या तोंडी येऊन बसला.

आपल्याकडे तर मोजणीच नाही. यंत्रांच्या अपघातांची सरकारी आकडेवारी गोळा होते ती मुख्यतः नोंदणी झालेल्या कारखान्यांतून. तिसऱ्या मजल्यावरचं बाथरूम हा कारखाना नव्हे. गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात 'कारखाना/यंत्र अपघात' असा रकाना असतो, पण तो अहवाल मुळात मृत्यूंचा. गेलेली दोन बोटं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. तेव्हा नव्वद टक्के म्हणताना, कशाचे नव्वद, हे आधी सांगा.

आता त्या दिवशी काय झालं असेल ते धंद्यातल्या माणसाच्या नजरेने बघू. भिंतीत पाइप दडपायचा म्हणजे झिरी मारावी लागते. एक इंची सीपीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास साडेअठ्ठावीस मिलिमीटर. त्यावर प्लास्टर आणि टाइलचा मसाला बसायला हवा, म्हणजे झिरी चांगली दीड इंच खोल पाहिजे. हेल्परच्या हातात काय असतं? चार इंची ग्राइंडर. त्याची चकती १०० मिलिमीटरची, म्हणजे मधून कडेपर्यंत ५०. त्यातला बराचसा भाग नट आणि मशीनचं डोकं खाऊन टाकतं. वर गार्ड, म्हणजे चकतीवरचं झाकण, असलं तर चकती जेमतेम इंचभर आत जाते. मग पोरगा काय करतो? गार्डाविनाच चालवतो. तरीही पुरलं नाही तर चार इंची मशीनला पाच इंची चकती लावतो, आणि ती लावायची तर गार्ड चालतच नाही. कोपऱ्यात बाजूचा दांडा भिंतीला अडतो, मग दांडाही निघतो. आता दोन हातांनी धरायचं मशीन एका हातात, आणि दुसरा हात टेकायला भिंतीवर, चकतीपासून वीतभर अंतरावर.

हे मशीन रिकामं फिरताना मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतं. हिशेब करून बघा: १०० मिलिमीटर चकतीची कड त्या वेगाला ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे जाते. प्लास्टरमागे विटेऐवजी सळई लागली, की चकती अडकते आणि मशीन उलटं उसळतं. माणूस दचकून हात मागे घेईपर्यंत सगळं उरकलेलं असतं. त्यात आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त ग्राइंडरचं बटण सरकवून अडकवायचं असतं. हातातून सुटलं तरी मशीन फिरतच राहतं. दाबून धरलं तरच चालणारं आणि सोडताच बंद होणारं बटण असलेली मशीनं बाजारात आहेत, महाग आहेत. चकतीचीही मुदत असते. मधल्या धातूच्या कडीवर ती छापलेली असते, साधारण तीन वर्षांची. ती वाचून चकती टाकून देणारा ठेकेदार मला दाखवा, मी त्याचा जाहीर सत्कार करीन.

यात निष्काळजीपणा कुठे आला? तो पोरगा झिरीकडे जिवाच्या आकांताने लक्ष देत होता. कामाला चुकीचं हत्यार त्याच्या हातात होतं, आणि ते त्याने निवडलं नव्हतं. भिंतीत झिरी मारायला वेगळं मशीन मिळतं. त्यात दोन चकत्या शेजारीशेजारी असतात, पुऱ्या झाकलेल्या असतात, खोली आधी लावता येते आणि धूळ ओढायला मागे नळी जोडता येते. (ती धूळ हा आणखी एक विषय. विटा-काँक्रीटच्या बारीक भुकटीतून फुप्फुसात सिलिका जाते. त्याचा हिशेब वीस वर्षांनी होतो, तोवर ठेकेदारही बदललेला असतो.) असं मशीन माझ्याकडे एक आहे. सहा जोड्या माणसं कामाला आहेत. बाकीच्या पाच जोड्या काय वापरतात, हे विचारू नका. विचारलंच तर सांगतो: चार इंची ग्राइंडर.

पुढचं कलम हातमोज्यांचं. इथे मला खरंच हसू आलं. फिरत्या यंत्रावर ढगळ सुती हातमोजे घालणं हाच धोका आहे, हे आयटीआयच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. लोखंडी पाइपला आटे पाडायचं मशीन घ्या. फायर लाइनच्या कामात ते अजून सर्रास लागतं. पाइप हळू फिरतो, मिनिटाला चाळीस-पन्नास फेरे, म्हणून बघणाऱ्याला ते गरीब वाटतं. पण त्याला जोर मोठा असतो. मोज्याचा एक धागा किंवा बाहीचं टोक आट्यांच्या धारेत अडकलं, की हात पाइपाभोवती गुंडाळला जातो आणि बटणापर्यंत पोचता येत नाही. म्हणून चांगल्या मशीनला पायाने दाबायचा पेडल असतो. पाय उचलला की मशीन थांबतं. तो पेडल बिघडला की वायर थेट जोडून टाकतात, आणि मी असे जोड कितीतरी साइटवर पाहिले आहेत. आता अशा मशीनपाशी तुमच्या सूचनेप्रमाणे हातमोजे घालून माणूस उभा करा. हेल्मेट डोक्यावर असेल, हात नसेल.

'अहो, तुम्ही सगळं दिलंत तरी ते वापरत नाहीत,' हा सेक्रेटरींचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो मला टाळायचा नाही, कारण तो खोटा नाही. मी गॉगल दिले, ते पिशवीत राहिले. रागावलो. मग एका मे महिन्यात बंद बाथरूममध्ये गॉगल लावून स्वतः अर्धा तास झिरी मारली. पाचव्या मिनिटाला घामाने काच धुरकट झाली, दहाव्या मिनिटाला त्यावर सिमेंटची पेस्ट झाली, आणि मला चकती दिसेना. मी गॉगल काढला. माझ्यातला ठेकेदार त्या क्षणी निष्काळजी झाला, असं म्हणायचं का? न दिसणाऱ्या चकतीपेक्षा डोळ्यात जाणारा कण बरा, असा तो हिशेब होता. चुकीचा असेल, पण बेफिकीर नव्हता. धूळ ओढणारी नळी असती तर गॉगल टिकला असता. तोच पोरगा मोठ्या कंपनीच्या टॉवरवर गेला, की गेटवर त्याचं हत्यार तपासतात, गार्ड नसेल तर परत पाठवतात, आणि तिथे तो गार्ड लावून काम करतो. पोरगा तोच, स्वभाव तोच. मग फरक कशाने पडला?

माणसाला दोष देऊन थांबायची ही सवय आपल्याला शेतीत एकदा महागात पडलेली आहे. हरितक्रांतीनंतर मळणी यंत्रं गावोगाव गेली आणि शेतमजुरांचे हात कोपरापासून जाऊ लागले. तेव्हाही बोलणं हेच होतं: झोप लागली, धोतर सांभाळलं नाही, बाया पदर खोचत नाहीत. शेवटी १९८३ मध्ये संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला आणि यंत्र बनवणाऱ्यावरच जबाबदारी टाकली. हात रोलरपर्यंत पोचूच नये अशी घशाची रचना करा, असा त्याचा रोख होता. मजुराला जागं राहायचं प्रवचन देण्यापेक्षा यंत्राचा घसा लांब करणं शहाणपणाचं, हे तेव्हा दिल्लीला कळलं. तो कायदा शेतीच्या आणि ग्रामीण यंत्रांपुरता. चार इंची ग्राइंडर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात खोक्यातून मिळतो. गार्ड त्याच खोक्यात वेगळ्या पिशवीत असतं. नव्व्याण्णव दुकानदार ते लावून देत नाहीत आणि नव्व्याण्णव ठेकेदार मागत नाहीत. माझ्या गोदामात अशी कोरी गार्डं गोणीभर निघतील.

विजेचं थोडक्यात. ओलं बाथरूम, २३० व्होल्ट, आणि प्लग तुटलेली वायर सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्या खोचून बसवलेली. ब्रिटनमध्ये बांधकामावरची हातयंत्रं ११० व्होल्टवर चालवायची रीत आहे, आणि ट्रान्सफॉर्मर असा असतो, की जमिनीच्या तुलनेत ५५ व्होल्टच लागतात. आपण तेवढं नाही केलं तरी ठीक. पण ३० मिलिअँपिअरला तुटणारं गळतीरक्षक स्विच लावलेला एक एक्स्टेन्शन बोर्ड सोसायटीने कामवाल्यांना वापरायला ठेवला, तर तो सूचनेच्या छपाईपेक्षा फार महाग पडणार नाही.

आता स्टँपपेपर. कर्मचारी नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा होता, म्हणजे आपल्या आजोबांच्या काळातला. त्याच्या १७व्या कलमात म्हटलं होतं, की भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल समजावा. खुद्द कामगाराने सही केली तरी रद्दबातल. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावला गेला, तेव्हाही हे तत्त्व राहिलं. इथे तर कामगाराची सहीसुद्धा नाही. त्याचा हक्क फ्लॅटमालक आणि ठेकेदार या दोघांनी परस्पर सोडून दिला आहे. असा कागद कोर्टात कुणाला वाचवणार?

आणि निष्काळजीपणा म्हणाल, तर साधी चूक भरपाईच्या आड येतच नाही. दारू पिऊन काम करणं, स्पष्ट दिलेला सुरक्षेचा हुकूम जाणूनबुजून मोडणं, किंवा सुरक्षेचं गार्ड माहीत असूनही मुद्दाम काढणं, एवढ्याच गोष्टी मालकाला वाचवतात. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर त्याही वाचवत नाहीत. इथे गार्ड कुणी काढलं? पोराच्या हातात मशीन आलं तेव्हाच ते गार्डाविना आलं होतं. जे कधी लावलंच नाही, ते त्याने काढलं कसं?

कायद्यात बोटांचा भाव ठरलेला आहे, वाचवत नाही पण वाचायला हवा. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरतात. तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची दोन बोटं, २०. पान्हा हातात धरणाऱ्याला या टक्क्यांत काय वाटत असेल ते सोडा, हिशेब करू. पंचवीस वर्षांचा हेल्पर, आणि २०२० पासूनची महिना पंधरा हजारांची पगारमर्यादा धरली, तर साठ टक्के म्हणजे नऊ हजार, गुणिले त्या वयाचा गुणक २१६.९१, त्याचे वीस टक्के. होतात ३ लाख ९० हजार ४३८ रुपये. सूचनेतल्या पोराला त्याच्या ठेकेदाराने दवाखान्याचं बिल आणि पंधरा दिवसांची हजेरी दिली. सगळे म्हणाले, माणूस चांगला आहे, नाहीतर आजकाल कोण देतो.

तो ठेकेदार मी असू शकलो असतो. खरं तर एकदा होतोच. २००९ साली स्लॅबला होल पाडताना माझ्याकडच्या पोराचं कोअर मशीन सळईत अडकलं. बिट थांबला आणि मशीन फिरलं. स्टँड लावून स्लॅबला बोल्ट मारायचा तर पाऊण तास गेला असता, म्हणून हातातच धरलं होतं. धरायला मी सांगितलं होतं, कारण संध्याकाळी टाइलवाला यायचा होता. मनगट मोडलं. माझ्या वहीत त्या तारखेला लिहिलेलं अजून आहे: 'दवाखाना ६,४००. ध्यान नव्हतं.' त्याचं ध्यान नव्हतं, असं मी लिहिलं. टाइलवाल्याचं नाव वहीत नाही आणि माझंही नाही. हाइनरिखच्या फायली अशाच भरल्या असणार.

'हे सगळं परवडणार कसं,' असं आता तुम्ही विचाराल. विचारा, पण कुणाला परवडत नाही तेही सांगा. बाथरूमचं काम उक्तं दिलं जातं, नाहीतर पॉइंटवर, म्हणजे नळाच्या प्रत्येक तोंडामागे भाव ठरवून. पॉइंटच्या भावात पाइप असतो, सांधा असतो, मजुरी असते. झिरीचं मशीन नसतं, स्टँडला लागणारा पाऊण तास नसतो. मी तो भावात धरला, की माझं कोटेशन शेजारच्यापेक्षा चढं होतं आणि काम शेजारच्याला जातं. ज्या घरात लाखाचा शॉवर बसतो, तिथे मालक पॉइंटमागे पन्नास रुपये सोडायला लावतो आणि त्याचा आनंद चेहऱ्यावर दिसतो. ते पन्नास रुपये कुठून सुटतात? त्या पोराच्या वाट्यातून. सगळ्यांच्या कोटेशनात हा खर्च सक्तीने आला, तर माझ्यासारख्याला चढं पडायची भीती राहणार नाही. सोसायटी राडारोड्यासाठी डिपॉझिट सक्तीने घेतेच की. लिफ्टला ओरखडा पडू नये म्हणून प्लायवूड लावायला लावते, त्यावर कुणी घासाघीस करत नाही.

सेक्रेटरीसाहेब, एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल. माझी माणसं संध्याकाळी निघतात तेव्हा तुमचा वॉचमन प्रत्येकाची पिशवी उघडून बघतो. जुना नळ, तांब्याच्या वायरचा तुकडा, काही चाललं तर नाही ना. सकाळी येताना तीच पिशवी न उघडता आत जाते. ती सूचना काढून टाका, आणि वॉचमनला सांगा, की पिशवी सकाळी उघड. ज्या ग्राइंडरला गार्ड नाही, ज्या वायरला प्लग नाही, ते हत्यार गेटबाहेर ठेव. पहिल्या दिवशी माझीच दोन मशीनं बाहेर राहतील. मी भांडायला येणार नाही.

आणि त्या पोराला कुणी ओळखत असेल तर निरोप द्या: भरपाईचा दावा करायची मुदत अपघातापासून दोन वर्षांची असते.